वाचकांचे प्रश्न : खुल्या पाण्यातील शर्यतीची वेळ कशी वाचावी?

जलतरणाविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. बडोद्यातून आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : तरणतलावातील वेळ आणि समुद्रातील किंवा नदीतील वेळ यांचा मेळ बसत नाही. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा याच विषयाला दिली आहे. पत्रे संक्षिप्त करून छापली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. पंचवीस मीटर लांबीच्या तरणतलावात ती १५०० मीटर फ्रीस्टाइल २४ मिनिटांत पोहते. कोकण किनाऱ्यावरील पाच किलोमीटरच्या तिच्या पहिल्या सागरी शर्यतीत तिला १ तास ३८ मिनिटे लागली. तिच्या वयोगटातील पहिल्या मुलीला १ तास २१ मिनिटे लागली होती. आमच्या हिशेबाने हिला ८० मिनिटे लागायला हवी होती. मग ही अठरा मिनिटे गेली कुठे? ती फार नाराज आहे आणि आता समुद्रात उतरायचेच नाही, असे म्हणते. — एक पालक, रावपुरा

उत्तर : आपला गुणाकार बरोबर आहे, परंतु ज्या आकड्याने आपण गुणले तो तरणतलावाचा आकडा आहे. त्या अठरा मिनिटांपैकी बऱ्याच मिनिटांचा हिशेब मांडता येतो, आणि तो मुलीला समोर बसवून मांडावा, अशी माझी आपल्याला विनंती आहे.

पहिली गोष्ट अशी की, १५०० मीटर ज्या वेगाने पोहता येते तो वेग पाच किलोमीटरपर्यंत कोणालाच टिकवता येत नाही. तिला १०० मीटरला १ मिनिट ३६ सेकंद लागतात. अंतर तिपटीहून अधिक झाल्यावर त्यात चार-पाच सेकंदांची भर पडणे अगदी स्वाभाविक आहे. पन्नास वेळा शंभर मीटर, म्हणजे सुमारे चार मिनिटे इथेच गेली, आणि ती समुद्राने घेतलेली नाहीत. तलावातही ती गेलीच असती.

दुसरी गोष्ट भिंतीची. पंचवीस मीटरच्या तलावात पाच किलोमीटर पोहताना १९९ वेळा भिंतीला पाय लावून स्वतःला पुढे ढकलता येते. समुद्रात एकदाही नाही. या ढकलण्याची किंमत किती, याचा अंदाज उच्च पातळीवरील विक्रमांवरून येतो. जर्मनीच्या फ्लोरियन वेलब्रॉकने २०२१ मध्ये पंचवीस मीटरच्या तलावात १५०० मीटरचा विश्वविक्रम १४ मिनिटे ०६.८८ सेकंदांत केला, तर अमेरिकेच्या बॉबी फिंकने २०२४ मध्ये पॅरिस येथे पन्नास मीटरच्या तलावात १४ मिनिटे ३०.६७ सेकंदांचा विश्वविक्रम केला. पंचवीस मीटरच्या तलावात तीस वळणे अधिक असतात आणि फरक सुमारे चोवीस सेकंदांचा आहे, म्हणजे प्रत्येक वळणामागे पाऊण सेकंदाहून थोडा अधिक. पोहणारे दोन वेगळे आणि प्रसंगही वेगळे असल्यामुळे हा हिशेब ढोबळच म्हणायला हवा. तरीही १९९ वळणांच्या मागे दोन-अडीच मिनिटे धरली तर फारशी चूक होणार नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सरळ रेषा. तलावाच्या तळाशी फरशीची काळी पट्टी असते आणि दोन्ही बाजूंना दोऱ्या असतात. समुद्रात यातले काहीच नसते. लाटेच्या वर डोके काढून मार्ग दाखवणारा नारिंगी तरंगता बोया शोधावा लागतो, आणि पहिल्या शर्यतीत मुले तो फार उशिरा-उशिरा शोधतात. समजा, ती सतत वीस अंशांनी एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे भरकटत गेली, तर पाच किलोमीटरच्या शर्यतीत तिचे सुमारे ३२० मीटर जास्तीचे पोहणे झाले. तिच्या वेगाने याची पाच ते साडेपाच मिनिटे होतात. पाण्यात असताना वीस अंश भरकटल्याचे कळतसुद्धा नाही.

अशी बारा मिनिटे झाली. उरलेली सहा मिनिटे सुरुवातीच्या गर्दीत, लाटांत चुकलेल्या श्वासांत, वर डोके काढताना खाली जाणाऱ्या पायांत, पाण्याच्या ओढीत आणि कदाचित अंतराच्या मोजणीतही गेली असतील. दोराने नांगरलेला बोया भरती-ओहोटीबरोबर सरकतो. त्यामुळे कागदावरचे पाच किलोमीटर पाण्यात नेमके पाचच भरतील, याची खात्री कोणताही आयोजक देऊ शकत नाही. खारे पाणी शरीराला अधिक उचलून धरते, हा एक फायदा मात्र आपल्या बाजूचा असतो.

आता वेळ वाचायची कशी, हे पाहू. ऑलिम्पिकमध्ये दहा किलोमीटरची शर्यत २००८ पासून होते. नेदरलँड्सची शारोन व्हान राउवेनडाल हिने ही शर्यत २०१६ मध्ये रिओच्या समुद्रात १ तास ५६ मिनिटे ३२.१ सेकंदांत जिंकली, आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या सीन नदीत २ तास ०३ मिनिटे ३४.२ सेकंदांत जिंकली. तीच खेळाडू, तेच अंतर, दोन्ही वेळा सुवर्णपदक, आणि फरक सात मिनिटांचा. ती आठ वर्षांत सात मिनिटांनी मंदावली, असे कोणताही जाणकार म्हणणार नाही. सीन नदीला त्या दिवशी जोरदार ओढ होती आणि प्रत्येक फेरीत काही अंतर प्रवाहाच्या विरुद्ध कापावे लागत होते. खुल्या पाण्यातील वेळेचा अर्थ त्याच दिवशी त्याच पाण्यात पोहलेल्या इतरांच्या वेळेशेजारी ठेवूनच लागतो.

म्हणून निकालपत्रक हाती घ्या आणि मिनिटांऐवजी प्रमाण काढा. विजेतीच्या ८१ मिनिटांना आपल्या मुलीची ९८ मिनिटे, म्हणजे तिच्या दर १०० सेकंदांमागे हिचे १२१ सेकंद. पुढच्या वर्षी समुद्र खवळलेला असेल आणि हिची वेळ १ तास ४५ मिनिटे येईल, परंतु हे प्रमाण ११५ वर आले तर ती निश्चित सुधारली आहे. विजेती दरवर्षी सारख्याच तोडीची असेल असे नाही, म्हणून संपूर्ण यादीच्या मधोमध येणाऱ्या मुलीच्या वेळेशीही असेच प्रमाण काढून ठेवावे. ते अधिक स्थिर राहते. याहूनही नेमकी तुलना हवी असेल तर तलावात हिच्याच वेगाने पोहणारी एखादी मैत्रीण त्या शर्यतीत होती का, ते पाहा. ती १ तास ३० मिनिटांत आली असेल, तर दोघींमधला आठ मिनिटांचा फरक हा समुद्रातील कौशल्याचा आहे, आणि ते कौशल्य शिकवता येते. सोळा वर्षांच्या मुलीने पहिल्याच खेपेला पाच किलोमीटर समुद्र पार केला, ही गोष्ट घरात आधी बोलली जावी आणि अठरा मिनिटांची चर्चा त्यानंतर व्हावी, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : नदीतील शर्यतीत एक किलोमीटर प्रवाहाविरुद्ध जाऊन तेवढेच प्रवाहासोबत परत यायचे असेल, तर जाताना झालेले नुकसान येताना भरून निघते, असे आमचे सर सांगतात. हे बरोबर आहे का? — एक विद्यार्थी, महाराजा सयाजीराव विद्यापीठ

उत्तर : नाही, ते पूर्णपणे कधीच भरून निघत नाही. शाळेत नाव आणि प्रवाह यांची जी गणिते आपण सोडवली, तीच इथे उपयोगी पडतात. पोहणाऱ्याचा वेग सेकंदाला १ मीटर आणि प्रवाहाचा ०.२ मीटर धरा. स्थिर पाण्यात दोन किलोमीटरला २००० सेकंद लागतील. प्रवाहाविरुद्ध त्याचा वेग ०.८ राहतो आणि पहिल्या किलोमीटरला १२५० सेकंद लागतात. परतताना वेग १.२ होतो आणि ८३३ सेकंद लागतात. बेरीज २०८३, म्हणजे ८३ सेकंदांचे निव्वळ नुकसान. प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर असेल तर हीच बेरीज २६६७ सेकंदांवर जाते. कारण साधे आहे : प्रतिकूल पाण्यात आपण अधिक काळ अडकतो आणि अनुकूल पाण्यातून लवकर बाहेर पडतो.

यातूनच वेग कसा वाटून घ्यावा, याचे उत्तरही मिळते. वरच्याच उदाहरणात आपण जोर लावून आपला वेग सेकंदाला ०.०५ मीटरने वाढवला, असे समजा. हा जोर प्रवाहाविरुद्ध लावला तर ७४ सेकंद वाचतात. प्रवाहासोबत लावला तर जेमतेम ३३. म्हणून ज्या पाण्यात ओढ विरुद्ध आहे तिथे शक्ती खर्च करावी आणि परतताना हात लांब ठेवून श्वास सावरून घ्यावा. काठाजवळ प्रवाह मंद असतो, हेही ध्यानात असू द्यावे. पॅरिसला खेळाडू प्रवाहाविरुद्धच्या टप्प्यात नदीच्या भिंतीला अगदी खेटून पोहत होते, ते याचसाठी.

प्रवाह वेळेला किती बदलतो, हे पाहायचे असेल तर बंगालकडे पाहावे. मुर्शिदाबाद जिल्ह्यात भागीरथी नदीत ८१ किलोमीटरची शर्यत होते आणि पुढचे खेळाडू ती बारा तासांच्या आगेमागे पूर्ण करतात. भागाकार केला तर १०० मीटरला सुमारे ५३ सेकंद येतात. एवढा वेग बारा तास टिकवणारा माणूस जगात नाही. त्यातला मोठा वाटा नदीचा आहे. याउलट इंग्लिश खाडीची सरळ रुंदी ३३ किलोमीटरच्या आसपास असूनही मिहिर सेन यांना ती पार करायला १९५८ मध्ये १४ तास ४५ मिनिटे लागली आणि आरती साहा यांना १९५९ मध्ये १६ तास २० मिनिटे. तिथे भरती-ओहोटीचे प्रवाह पोहणाऱ्याला आडवे खेचतात, साधारण सहा तासांनी दिशा बदलतात, आणि सरळ रेषा नागमोडी होऊन जाते. थंडीचा भाग वेगळाच.

प्रश्न : माझे वय चव्वेचाळीस असून मी बँकेत नोकरी करते. तलावात ४०० मीटर ८ मिनिटे ४० सेकंदांत आणि २०० मीटर ४ मिनिटे १० सेकंदांत पोहते. पाच किलोमीटरच्या सागरी शर्यतीत नाव द्यायचे आहे. मुदत अडीच तासांची आहे. मागे एका छोट्या शर्यतीत पहिल्या दोनतीनशे मीटरमध्येच मला इतका दम लागला की मी बोयाला धरून थांबले. मी वेळेत पोहोचेन का, आणि सुरुवात कशी करू? — मांजलपूर

उत्तर : आपण दोन्ही वेळा लिहिल्यात ते फार उपयोगी झाले, कारण त्यांवरून आपला टिकाऊ वेग काढता येतो. प्रशिक्षक याला सीएसएस म्हणतात. ४०० आणि २०० मीटरच्या वेळांतील फरक घ्यायचा : ५२० सेकंद वजा २५० सेकंद, म्हणजे २७० सेकंद. हा २०० मीटरचा काळ झाला. म्हणजे १०० मीटरला २ मिनिटे १५ सेकंद. पाच किलोमीटरसाठी यात दहा सेकंद वाढवून २ मिनिटे २५ सेकंद धरा. पन्नासने गुणल्यावर साधारण २ तास १ मिनिट येते. समुद्रासाठी यावर दहा ते पंधरा टक्के चढवा, म्हणजे २ तास १३ मिनिटे ते २ तास १९ मिनिटे. शांत पाण्यात आपण मुदतीत पोहोचाल; वारा उठला तर अकरा मिनिटांची शिल्लक आपल्याला सांभाळून वापरावी लागेल. म्हणून वेग वाढवण्याच्या मागे न लागता सरळ रेषेत पोहणे आणि थांबे कमी करणे, या दोन गोष्टींवर आपण मेहनत घ्यावी.

आता दमाविषयी. आपले शरीर कमी पडले, असे मला वाटत नाही. शिट्टी वाजली की आजूबाजूला शंभर हात पाणी उडवू लागतात, कोणाचा पाय गॉगलवर बसतो, आणि माणूस नकळत आपल्या नेहमीच्या वेगापेक्षा खूप पुढे जातो. त्याच वेळी भीतीने श्वास बाहेर सोडणे राहून जाते. छातीत हवा कोंडलेली असते आणि आपल्याला वाटते की हवा मिळत नाही. यावर उपाय असा : रांगेच्या मागे आणि एका कडेला उभे राहा. शिट्टी झाल्यावर मनात दहा आकडे मोजा आणि मग उतरा. त्या दहा सेकंदांची किंमत पाच किलोमीटरमध्ये काहीच नाही. पहिली पाचशे मीटर अशी पोहा की तोंड पाण्यात असताना बुडबुडे सतत सुटत राहतील. जिना चढताना सोबतच्या माणसाशी दोन वाक्ये बोलता यावीत, तेवढाच जोर असू द्या. हा वेग आपल्याला फार हळू वाटेल. तो तसाच असायला हवा.

सुरुवातीच्या उत्साहाची किंमत मोठमोठ्यांनीही मोजलेली आहे. रिओ ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाचा जॅरड पोर्ट घोळक्याला मागे टाकून एकटाच पुढे निघाला आणि बराच वेळ मिनिटाहून मोठी आघाडी घेऊन पोहला. शेवटच्या फेरीत घोळक्याने त्याला गाठले आणि तो २१व्या क्रमांकावर आला. त्याने धाडस केले याचा मला आदरच आहे; परंतु मागचे सगळे जण एकमेकांच्या पाण्यात शक्ती वाचवत होते आणि तो ती एकटा खर्चत होता, हे त्या शर्यतीतून शिकण्यासारखे आहे.

हे दुसऱ्याच्या पाण्यात पोहणे आपणही करावे. आपल्याहून किंचित जलद असणाऱ्या कोणाच्या तरी पायांमागे, बुडबुडे दिसतील इतक्या अंतरावर राहिले, की तोच वेग कमी कष्टात राखता येतो. पायांना हात लागू देऊ नये. तो माणूस चिडतो आणि लाथ बसते. आणि पुढचा माणूस योग्य दिशेने जातो आहे, असे गृहीत धरू नये. दर आठ-दहा हातांनी स्वतः डोळे पाण्याच्या वर आणून बोया किंवा किनाऱ्यावरची एखादी उंच खूण पाहावी. संपूर्ण डोके बाहेर काढण्याची गरज नसते. शर्यत अडीच-अडीच किलोमीटरच्या दोन फेऱ्यांची असेल, तर पहिल्या फेरीची वेळ पाहून ठेवा. दुसरी फेरी पहिलीपेक्षा दोन-तीन टक्क्यांहून अधिक लांबली नाही, तर वेग उत्तम वाटून घेतला गेला असे समजा. आपल्याकडील समुद्राचे पाणी उबदार असते आणि पोहताना घाम येतो, पण तो जाणवत नाही. म्हणून तास भरल्यावर तहान लागो वा न लागो, होडीवरून किंवा तराफ्यावरून पाणी मिळत असेल तर दोन घोट घ्यावेत.

किनाऱ्याजवळची शेवटची काही मीटर अनेक जण वाया घालवतात. कमरेएवढे पाणी झाले की त्यांना उभे राहण्याचा मोह होतो. तिथे उभे राहिले की मांड्यांना पाणी अडवते, पाय वाळूत रुततात, आणि दोन तास आडवे राहिलेल्या शरीराला अचानक उभे केल्यामुळे डोके हलके होते. उभे राहू नका. बोटांची टोके वाळूला घासेपर्यंत, एकदा नव्हे तर दोनतीनदा घासेपर्यंत, पोहत राहा. त्याआधीची शंभर मीटर पाय जरा जोरात मारा, म्हणजे रक्त पायांत उतरते. मग हात टेकून उठा आणि कमानीखालून, जमिनीवर अंथरलेल्या पट्टीवरून चालत जा. वेळ तिथे थांबते.

प्रश्न : निकालपत्रकात माझ्यापुढे दोन वेगवेगळ्या वेळा छापल्या होत्या. त्यांतली खरी कोणती? — एक ज्येष्ठ वाचक, कारेलीबाग

उत्तर : दोन्ही खऱ्या. एक शिट्टी किंवा बंदुकीच्या आवाजापासून मोजलेली आणि दुसरी आपल्या पायातील चिप सुरुवातीच्या पट्टीवरून गेली त्या क्षणापासून मोजलेली. गटागटाने सोडण्याच्या शर्यतीत दुसरी वेळ आपल्या पोहण्याचे अधिक खरे माप देते. क्रमांक मात्र स्पर्धेच्या नियमांत जी वेळ धरायची म्हटली असेल, तिच्यावरच लागतो. आंतरराष्ट्रीय दहा किलोमीटरमध्ये सगळे एकदमच सुटतात आणि शेवटी पाण्यावर टांगलेल्या फलकाला हात लावावा लागतो. रिओमध्ये नेदरलँड्सच्या फेरी वेर्टमन आणि ग्रीसच्या स्पिरोस यानिओटिस या दोघांचीही वेळ १ तास ५२ मिनिटे ५९.८ सेकंद अशी एकच नोंदली गेली; फलकाला आधी हात वेर्टमनचा लागला हे छायाचित्रावरून ठरले आणि सुवर्ण त्याला मिळाले. नावापुढे डीएनएफ असेल तर शर्यत सोडली आणि ओटीएल असेल तर मुदतीनंतर पोहोचले, असा अर्थ घ्यावा.

प्रश्न : माझ्या मनगटावरील जीपीएस घड्याळाने पाच किलोमीटरच्या शर्यतीत ५.६ किलोमीटर दाखवले. आयोजकांकडे तक्रार करावी का? — अलकापुरी

उत्तर : एकट्या घड्याळाच्या भरवशावर करू नये. उपग्रहाचा संदेश पाण्याखाली पोहोचत नाही. मनगट पाण्यातून वर येते त्या क्षणभरात घड्याळ आपली जागा शोधते, पुन्हा बुडते, आणि मधल्या भागाचा अंदाज करते. त्यामुळे प्रत्यक्षात नसलेली नागमोडी वळणे नोंदीत तयार होतात. शिवाय त्या ५.६ मध्ये आपले स्वतःचे भरकटणेही आहेच. नकाशावर आपली रेषा उघडून पाहा. ती बोयापासून बोयापर्यंत सरळ असूनही अंतर जास्त येत असेल आणि आणखी चारपाच जणांच्या घड्याळांतही तेच दिसत असेल, तर आयोजकांना नम्रपणे कळवावे. पुढच्या वेळी घड्याळ मनगटाऐवजी पाठीमागे ओढल्या जाणाऱ्या फुग्याला बांधले, तर ते सतत पाण्याच्या वर राहते आणि अंतर बरेच अचूक मिळते. स्पर्धेत फुगा चालतो का, हे आधी विचारावे.

प्रश्न : वीर सावरकर सागरी जलतरण स्पर्धेत चोरवाड ते वेरावळ पोहण्याचे माझे स्वप्न आहे. बडोद्यात राहून तयारी कशी करावी? विश्वामित्रीत किंवा आजव्याला सराव केला तर चालेल का? आणि किती वेळ लागेल याचा अंदाज कसा बांधायचा? — एक तरुण वाचक, दांडिया बाजार

उत्तर : मधल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. विश्वामित्रीत अजिबात उतरू नये. तिथे मगरी आहेत, हे बडोदेकरांना नव्याने सांगायला नको. २०२४ च्या पुरात त्या वस्त्यांमध्ये आल्या होत्या. सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेले आजव्याचे सरोवर शहराच्या पिण्याच्या पाण्याचे आहे आणि तिथेही मगरी आहेत. त्यामुळे आपला बराचसा सराव लालबागसारख्या तरणतलावातच होणार, आणि तो नीट केला तर पुरेसाही होतो.

तलावात समुद्राची तयारी करायची असेल तर भिंत विसरायला शिकावे. तळाच्या काळ्या पट्टीचे टोक जिथे आडवे होते, तिथूनच पाण्यातल्या पाण्यात वळावे. भिंतीला पाय लावू नये. पहिल्या दिवशी खांदे भरून येतात आणि १०० मीटरची वेळ चारपाच सेकंदांनी वाढते. ही वाढलेली वेळच आपल्या अंदाजासाठी खरी वेळ समजावी. आठवड्यातून एकदा तिघांनी मिळून एकाच रांगेत अंगाला अंग लागेल असे पोहावे, म्हणजे धक्क्यांची सवय होते. मोकळ्या वेळी सहा-आठ हात डोळे मिटून मारावेत आणि आपण कोणत्या बाजूला वळतो, ते पाहावे. बहुतेकांचा एक हात जोरकस असतो आणि ते नेहमी एकाच बाजूला भरकटतात. ती बाजू कळली की अर्धे काम झाले. दोन्ही बाजूंनी श्वास घेता येणे आवश्यकच आहे, कारण लाटा कोणत्या अंगाने येतील हे आपल्या हाती नसते. समुद्रातील सराव मात्र प्रत्यक्ष समुद्रातच, जाणत्या मार्गदर्शकासोबत आणि होडी बरोबर घेऊनच करावा. आपल्याला जवळ पडते म्हणून खंभातच्या आखाताचा विचार करू नये. तिथल्या भरती-ओहोटीचा फरक देशातील सर्वांत मोठ्या फरकांपैकी एक आहे आणि पाण्याची ओढ पोहणाऱ्याच्या वेगापेक्षा कितीतरी अधिक असते.

वेळेच्या अंदाजाविषयी : चोरवाड ते वेरावळ हे पुरुषांसाठीचे जाहीर अंतर २१ सागरी मैल आहे, म्हणजे जवळपास ३९ किलोमीटर, महिलांसाठी आद्री ते वेरावळ १६ सागरी मैल आहे. या आकड्याला आपल्या १०० मीटरच्या वेळेने गुणून उत्तर काढू नये. एवढ्या लांब पल्ल्यात ओढ, वारा आणि होडीने धरलेला मार्ग यांचा वाटा इतका मोठा असतो की असा गुणाकार तासातासांनी चुकतो. त्याऐवजी त्याच शर्यतीच्या मागील काही वर्षांच्या निकालांत आपल्यासारख्या वेगाच्या खेळाडूंना किती तास लागले, ते विचारून घ्यावे. ज्यांची तलावातील वेळ आपल्याला ठाऊक आहे असे दोघे-तिघे जरी सापडले, तरी त्यांच्याकडून मिळणारा अंदाज कोणत्याही सूत्रापेक्षा भरवशाचा ठरेल.

शर्यतीत वेग राखण्याचे साधन मीटर नव्हे, तर हात असतात. आपण एका मिनिटाला किती हात मारतो, हे सरावात ठरवून घ्यावे. होडीवर आपल्या माहितीचा माणूस असावा. त्याने दर अर्ध्या तासाला मिनिटभर आपले हात मोजून वहीत लिहावेत. मिनिटाला ६४ हात मारणाऱ्याची संख्या ५८ वर आली, तर तो थकला आहे, थंडावला आहे किंवा त्याच्या पोटात अन्न नाही; तेव्हा पुढच्या थांब्याची वाट न पाहता त्याला गोड पेय द्यावे. हात ६४ च असूनही होडी किनाऱ्यावरील खुणेच्या पुढे सरकत नसेल, तर दोष पोहणाऱ्याचा नाही, ओढ विरुद्ध लागली आहे. तेव्हा त्याला वेग वाढवायला न सांगता नावाड्याशी बोलून मार्ग किंचित बदलावा. अजून किती अंतर उरले, असे पोहणाऱ्याने विचारले तर त्याचे उत्तर देऊ नये, असे आधीच दोघांनी ठरवून घ्यावे. पुढचा थांबा किती मिनिटांनी आहे, एवढेच सांगावे.